होटगीचा सांधा

सोलापूरहून दक्षिणेला निघालं की पंधराएक किलोमीटरवर होटगी जंक्शन लागतं. इथं रूळ फुटतात. एक वाट वाडीकडे, दुसरी विजापूर-गदगकडे.

परवा फलाटावर माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. चौथीत असताना मालगाडीचे डबे मोजायची! आता बारावी झालीय.

“सर, कॉम्प्युटरला जाणार. सगळ्याच मैत्रिणी जातायत.”

खरंच आहे. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं चांगल्या महाविद्यालयांपुरती शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली, आणि संगणकाच्या जागा भराभर वाढल्या. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

“सगळ्या जातात म्हणून की तुला हवंय म्हणून?”

तिनं सिग्नलकडे बोट दाखवलं. “हल्ली कितीतरी स्टेशनांत सांधे नि सिग्नल कॉम्प्युटरच जुळवतो ना, सर? तो प्रोग्रॅम मला लिहायचाय.”

सिग्नल हिरवा झाला. गदगची गाडी आली.