दादीचा फोटो कुठल्या कागदावर?

फोटो भिंतीवर लावायचा की नाही, हाच मुळात आमच्याकडे वादाचा विषय. काही उलेमा कॅमेऱ्याचा फोटो चित्रासारखाच मानतात, काहींच्या मते तो आरशातल्या प्रतिबिंबासारखा. आमच्या घरात मधला मार्ग निघाला: नमाज पढतो त्या खोलीत नाही, पडवीत चालेल. चाचांना तेही पटलेलं नाही.

फोटो दादीचा. तिने जन्मात एकदाच फोटो काढून घेतला, तोही हजच्या पासपोर्टसाठी. अब्बांनी तेव्हाच तो मोठा करून घेतला, आणि काच थेट फोटोला टेकवून फ्रेम झाली. कोकणातल्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढू नये, चेहराच निघून येतो. म्हणून मी तो काचेसकट स्कॅन करून घेतला.

आता छापायचा कशावर? लॅबमधून तीन नमुने आणले. ग्लॉसीवर काळा रंग सर्वात गडद उठतो, पण पडवीचं दार समोरच. अम्मीला त्यात दादीऐवजी दारच दिसलं! लस्टरला बारीक दाणा असतो, चमक कमी. मॅटवर काळा रंग थोडा राखाडी होतो, पण जुन्या कृष्णधवल फोटोला तो शोभतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो. भिंतीसाठी २०० च्या वरचा घ्या, पातळ कागद फ्रेममध्ये लाटा धरतो. मी कापसाच्या लगद्याचा, आम्लविरहित मॅट घेतला. महाग पडतो, आणि लग्नाच्या दोनशे फोटोंसाठी मी तो कुणालाही सुचवणार नाही. पण दादीचा दुसरा फोटोच नाही. दुकानात सर्वात पांढराशुभ्र दिसणारा कागद मात्र टाळा. बहुतेकदा ती शुभ्रता रसायनाची असते, काही वर्षांनी ती ओसरते आणि कागद पिवळट दिसू लागतो. शाईही विचारून घ्या: डायपेक्षा पिगमेंट शाई उजेडात जास्त टिकते.

फ्रेमवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगितली, मध्ये माउंट घाल, काच फोटोला टेकता कामा नये. साधी काच स्वतःच चमकते, तेव्हा मॅटचा उपयोग काय? म्हणून काचही बिनचमकीची घेतली.

अम्मीने कागदाची कड बोटांत धरून पाहिली. म्हणाली, "सासूबाईंच्या ओढणीचा पोत असाच होता."

चाचा अजूनही पडवीत फ्रेमकडे पाठ करून बसतात. परवा जाताना हळूच म्हणाले, "छोटी कॉपी निघेल का? कपाटात ठेवीन." ती मी लस्टरवर काढायला दिली आहे, हाताळली तरी बोटांचे ठसे फारसे दिसत नाहीत.