पहिला डबा

पावसाची पहिली सर नांदेडवर येऊन गेली की वजिराबादेतील दुकानांच्या दारांवर छत्र्या आणि दप्तरे लोंबू लागतात. त्याच सुमारास तेथील एका घरात साडेतीन वर्षांच्या नातीला बालवाडीत घालण्याचे ठरले. अंगणवाडीत मुलांना खाऊ तेथेच मिळतो. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली ती पूरक आहार घेऊनच. ही बालवाडी मात्र खासगी होती, आणि डबा घरून न्यावयाचा होता.

तो आणण्याचा मान लातूरच्या आजीने, म्हणजे मुलीच्या आईच्या आईने, आधीच मागून घेतला होता. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात; तेथील भांड्यांच्या दुकानांत तिने एक सबंध सकाळ घालविली. तिच्या लहानपणी पितळेचे डबे असत. कल्हई उडाली की त्यांत ठेवलेले ताक कळकून जाई. पुढे जर्मलचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे डबे आले. हलके खरे, पण त्यांना लगेच पोचे पडत आणि आंबट पदार्थ त्यांत ठेवता येत नसे. म्हणून तिने जाड स्टीलचा, तीन कप्प्यांचा, दोन्ही बाजूंना घट्ट खिट्ट्या असलेला डबा निवडला. पालथा धरला तरी थेंब गळणार नाही, असे दुकानदाराने सांगितले, आणि पाणी भरून दाखविलेही. डबा घेऊन आजी नांदेडला मुक्कामास आली.

पहिल्या दिवशी आईने छोटे धपाटे वाफ जिरवून डब्यात ठेवले. गरम झाकले तर ते आतल्या आत ओले होतात. अख्खे शेंगदाणे न देता त्यांच्या कुटाचा लाडू दिला. एवढ्या लहान मुलाच्या घशात दाणा अडकण्याची भीती असते. दुपारी डबा जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशी शिरा, तिसऱ्या दिवशी सुशीला, डबा भरलेलाच. घरी येताच मुलगी मात्र अधाशासारखी जेवे. आई कातावली. आजीला वाटे, आपल्याच हाताला चव राहिली नाही. रागावून विचारले तर मुलगी खाली पाहत उभी राही.

चौथ्या दिवशी बालवाडीतील ताई तिच्याजवळ बसून राहिल्या, तेव्हा उलगडा झाला. मुलगी डबा मांडीवर घेई, खिट्टीशी थोडा वेळ झटे, आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी तो पिशवीत ठेवून "झालं" म्हणे.

संध्याकाळी आजोबांनी ओट्यावर तो डबा तिच्यापुढे ठेवला. "उघड पाहू," ते म्हणाले. तिने अंगठे लावले. अंगठ्यांची टोके पांढरी झाली. खिट्टी हलली नाही. मग तिने डबा दातांशी नेला.

बोटांचे शिक्षण क्षुल्लक नव्हे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह उघडले. त्यांच्या शिक्षणसाधनांत गुंड्या लावण्याच्या आणि नाड्या बांधण्याच्या चौकटीही आहेत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम महागड्या साधनांवाचून, पाने, बिया, शिंपले मुलांच्या हाती देऊन केले. मुलाने आपले काम आपण करावे, हा त्यामागचा आग्रह होता. डब्यांच्या बाजारात हा विचार क्वचितच शिरतो. तेथे डबा गळतो की नाही ते पाहतात, आणि झाकणावरचे चित्र.

दुसऱ्या दिवशी आजोबा नातीला घेऊन बाजारात गेले. दुकानदाराने फळीभर डबे मांडले. आजोबांची अट एकच होती: प्रत्येक डबा मुलगी उघडील, आणि कोणी हात लावावयाचा नाही.

"काका, असं कुठं असतंय? डबा मोठ्यांनी बघायचा असतो," दुकानदार म्हणाला, पण पाच-सहा डबे झाल्यावर तोही पुढे झुकून पाहू लागला. काही झाकणे तिला दाद देत नव्हती. एक तर इतके सैल की हातातच निसटले. खाचेत रबराचे न निघणारे कडे असलेला एक डबा आजोबांनी स्वतःच बाजूस सारला, कारण अशा खाचेत ओल कोंडून वास धरतो. अखेर एका चपट्या, एकाच रुंद खिट्टीच्या डब्याचे झाकण खट्‌कन उघडले. तिने ते बंद केले, पुन्हा उघडले, पुन्हा बंद केले. पातळ भाजी त्यातून गळणार हे उघड होते. धपाट्यांना त्याची अडचण नव्हती.

विहीणबाईंनी हौसेने आणलेली वस्तू मागे सारावयाची, याचा आजोबांना संकोच वाटत होता. आजीने नवा डबा हातात घेऊन फिरविला. "दुकानात मीही उघडून बघितला होता," ती हळूच म्हणाली, "पण माझ्या हातानं."

सोमवारी डबा रिकामा आला. तळाशी लाडवाचा चुरा तेवढा चिकटला होता.

दोन दिवसांनी आजी लातूरला निघाली. वाटेत खावयास आईने धपाटे केले आणि गंजगोलाईतल्या त्या मोठ्या डब्यात भरले. एस.टी.ची वेळ होत आली होती. तरी दोन्ही खिट्ट्या लावण्याचे काम मुलीने दुसऱ्या कोणास करू दिले नाही. लावणे तिला चांगले जमत होते.