तांदळातलं नाव

“आई, विमल कोण गं?” लेकीने पुण्याहून फोनवर विचारलं. मी पोळ्या लाटत होते. लाटणं न थांबवता म्हणाले, “कोण विमल?” आणि मग माझी मीच ओशाळले. विमल म्हणजे मीच की!

1992च्या मे महिन्यापर्यंत मी विमल होते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यावर ‘सुनीता’ असं लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार. माझ्या नव्या नावाला त्या तांदळाखेरीज दुसरा आधार नाही, हे कळायला वयाची पंचावन्न वर्षं जावी लागली. तेही लेकीच्या लग्नामुळे.

लेकीचं लग्न डिसेंबर 2023मध्ये इथे देवासलाच झालं. जावई मूळचा सोलापूरकडच्या जैन घरातला, पण जन्माने अमेरिकेचा नागरिक, राहणार न्यू जर्सी. आम्हांला वाटलं होतं, लग्न झालं, आता तिकीट काढायचं. तसं नसतं. नवऱ्याने आधी तिकडे आय-130 नावाचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की प्रकरण त्यांच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. मग जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, असं सगळं चढवायचं. शेवटी वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तोवर लेक पुण्यात नोकरीत आणि जावई तिकडे. लग्नानंतर दोघं एकत्र राहिली ती मोजून एकोणीस दिवस.

लग्नाचा दाखला आमच्या नगर निगममधून लवकर मिळाला. तिथे ह्यांच्या एका मित्राने शंका काढली, “आपण जैन तर 2014पासून अल्पसंख्याक, मग हिंदू विवाह कायद्याखाली नोंद कशी?” तर 1955च्या त्या कायद्यातच बौद्ध, जैन, शीख यांचा उल्लेख आहे. हे लक्षात ठेवावं, मंडळातल्या बऱ्याच जणींना मी नंतर सांगितलं. शिवाय 2006 साली सुप्रीम कोर्टाने सगळ्याच धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितलं आहे. आमचं स्वतःचं लग्न मात्र बिननोंदीचं. बस्तीतल्या उपाध्यांनी लावलं, गावाने पाहिलं, संपलं.

पहिल्या अर्जाच्या वेळी मला रागच आला होता. लग्न खरं आहे याचा पुरावा द्या म्हणे! दोघांचे फोटो, दोन्ही घरच्या माणसांबरोबरचे फोटो, भेटीगाठींची तिकिटं, एकमेकांना केलेल्या फोनच्या नोंदी, जमल्यास एकत्र खातं. सूर्यास्ताच्या आत पंगती उरकायच्या म्हणून आमची केवढी धावपळ झाली होती, आणि हे विचारतात लग्न खरं का! लग्नाआधी मी ह्यांच्याशी एकूण दोन वाक्यं बोलले होते. त्यातलं एक ‘पाणी देऊ?’ हे होतं. आम्ही काय पुरावा दिला असता?

पण पुढे दुसरा एक कागद आला आणि माझा राग निम्म्यावर आला. आय-864. जावयाने शपथेवर लिहून द्यायचं की माझं उत्पन्न इतकं इतकं आहे आणि बायकोचा खर्च मी चालवीन. उत्पन्न तिथल्या सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या सव्वापट तरी हवं, सोबत आयकराचं विवरण. आणि ही जबाबदारी घटस्फोट झाला तरी सुटत नाही. मुलगी तिथली नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाची साधारण दहा वर्षं जमेपर्यंत ती राहते. मी लेकीकडून ते तीनदा समजून घेतलं. आमच्या वेळी मध्यस्थ सांगायचा, “मुलगा चांगला आहे, प्रेसमध्ये आहे,” की झालं. परदेशातल्या स्थळांच्या बाबतीत मुली कशा फसल्या, हे आपल्यातल्या प्रत्येकीने निदान एकदा तरी ऐकलेलं आहे. पत्रिकेतले गुण आपण छत्तीसपैकी मोजतो, मुलाचा पगाराचा कागद मागायला मात्र जीभ रेटत नाही. तो कागद दुसऱ्याच देशाच्या सरकारने मागितला. मी लेकीला म्हटलं, “याची एक प्रत माहेरी ठेव.”

तर, विमल. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव विमल. तिच्या पासपोर्टवर आईचं नाव सुनीता. माझं आधार, मतदार कार्ड, बँक, सगळीकडे सुनीता. माझ्या शिवाजी विद्यापीठाच्या बी.ए.च्या पदवीवर विमल. त्या पदवीवर एकदा इथल्या एका शाळेत नोकरीसाठी गेले होते, तेव्हा “ये तो किसी और की डिग्री है” म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हाच हे निस्तरायला हवं होतं. पण मुलगी लहान, सासूबाई आजारी, राहून गेलं. नोकरी माझीच बुडाली, त्यामुळे घरात कोणाचं काही अडलं नाही.

आता मात्र अडलं. दोन नावं, आणि ती एकाच बाईची आहेत असं सांगणारा एकही कागद नाही. लग्नपत्रिकेवर फक्त ‘चि. सौ. कां. विमल’. माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणला होता, त्यावर विमल. तो इथे जमा झाला आणि नव्या कार्डावर सुनीता उगवली.

आमच्या देवासला दोन-दोन गाद्या होत्या. थोरली पाती, धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे, थेट 1948पर्यंत. इथे राहून गेलेले कुमार गंधर्वही मूळचे शिवपुत्र कोमकली. त्यांना कोणी दाखला मागितला नसेल. पण मी पडले गृहिणी.

इंदूरच्या एका एजंटाने ह्यांना सांगितलं, “भाईसाब, टेन्शन मत लो. सुनीता नावाचाच नवा जन्मदाखला करून देतो, तीन दिवसांत.” हे घरी येऊन गप्प बसले. मीही गप्प. खोटं सांगत नाही, मनात आलं होतं की करून टाकावं. सुनीता मीच तर आहे, मग त्यात खोटं ते काय? पण पर्युषणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकायची सवय. सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार येतात, त्यात एक आहे कूटलेखक्रिया. खोटा लेख करणं. दरवर्षी ऐकताना वाटायचं, हे सावकार-व्यापाऱ्यांसाठी असेल, आपल्याला कोण लेख करायला सांगतंय! शिवाय लेकीने सांगितलं, खोटा कागद सापडला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. व्रताच्या भीतीने की व्हिसाच्या भीतीने कोण जाणे, एजंटाला नाही म्हटलं आणि आम्ही दोघं इंदूर-पुणे गाडीत बसलो. तिथून सांगली, तिथून मिरज तालुक्यातलं माझं गाव.

लेक 1996च्या जुलैमध्ये घरीच जन्मली. पावसाची रात्र, ओढ्याला पाणी, दवाखान्यात नेता आलं नाही. त्यामुळे नोंद ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक तरुण होता, माणूस भला. त्याने जुनं रजिस्टर काढलं. कितीतरी ओळींत बाळाच्या नावाचा रकाना कोराच. बारशाआधी नोंद करतात आणि मग नाव घालायला कोणी येत नाही. एक वर्षात नाव घातलं तर फी पडत नाही, नंतर पंधरा वर्षांपर्यंत उशिराची फी भरून घालता येतं, असं तो म्हणाला. नातवंडं झालेल्या मैत्रिणींनो, जरा बघून घ्या.

आमची ओळ सापडली. आईचं नाव विमल. माहिती देणाऱ्याची सही आप्पांची. शेवटच्या अक्षराला शेपूट ओढायची त्यांची सवय, ती तशीच. आप्पांना जाऊन सोळा वर्षं झाली.

“दुरुस्ती करता येईल,” ग्रामसेवक म्हणाला. “मूळ नोंद खोडायची नसते, समासात लिहून सही-तारीख घालायची. पण दोन्ही नावांचा पुरावा लागेल. आणि खरं सांगू का ताई, ही चूक नाहीच. सांगणाऱ्याने जे सांगितलं तेच लिहिलंय.”

सांगणाऱ्याने. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि आप्पा अजून पंचायतीत जाऊन आपली लेक विमल म्हणूनच सांगत होते. मी म्हटलं, “राहू दे. आहे तशीच नक्कल द्या.” हे माझ्याकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर विचारलं, “मग एवढे लांब आलो कशाला?” बरोबर होतं त्यांचं.

पुरावा अखेर देवासला आमच्याच घरात निघाला. माझे सासरे नाशिकहून इथल्या बँक नोट प्रेसमध्ये आले होते. जन्मभर नंबर घातलेल्या कागदांत वावरलेला माणूस, आणि घरातले कागद सगळे सासूबाईंच्या ट्रंकेत कोंबलेले. त्यात माझ्या माहेरची पत्रं होती. आप्पांचं एक निळं आंतरदेशीय पत्र उघडलं. पत्त्याच्या बाजूला, पोस्टमनला कळावं म्हणून, ‘सौ. सुनीता, बँक नोट प्रेस कॉलनी, देवास’. आत, ‘चि. विमलस अनेक आशीर्वाद’. खाली भुईमुगाची काढणी, आईचा गुडघा, आणि बाळ पालथी पडायला लागली का, ही चौकशी. एकाच कागदावर दोन्ही नावं, बाळ, आणि वर टपालखात्याचा शिक्का, ऑक्टोबर 1996चा. मी तिथेच ट्रंकेशी बसून रडले. हे चहा करून घेऊन आले, साखर घालायला विसरले होते.

मग कलेक्टोरेटच्या बाहेर स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं, की विमल व सुनीता ही एकाच महिलेची नावं आहेत. नोटरी म्हणाले, “आंटीजी, दोनों नाम से साइन कर दीजिए.” सुनीताची सही सरळ आली. विमलची करताना हात थांबला, मग आपोआप शेवटच्या अक्षराला शेपूट ओढलं गेलं. थोरला भाऊ आणि मावशी यांचीही शपथपत्रं जोडली. मराठी कागदांचं इंग्रजी शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी केलं. अनुवादकाने मला दोन्ही भाषा येतात आणि अनुवाद पूर्ण व बरोबर आहे, एवढं लिहून सही करायची असते, सरकारी शिक्का लागत नाही. ते अडले ते ‘माहेर’ शब्दावर. शेवटी ‘आईच्या वडिलांचं घर’ असं काहीतरी केलं. काय करणार!

मुलाखत मुंबईला झाली. लेक बाहेर आली ती हसतच. दहा मिनिटं लागली म्हणाली. ओळख कशी झाली, तो काय काम करतो, लग्नाला किती माणसं होती, एवढंच.

“आणि माझ्या नावाचं?”

“काही विचारलं नाही गं.”

ऑगस्ट 2025मध्ये ती गेली. पासपोर्टवर तिचं नाव जन्मापासूनचंच आहे, तांदळाचं ताट आम्ही मांडलंच नव्हतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती तिथे पोचली, म्हणून तिचं ग्रीन कार्ड सध्या दोन वर्षांचंच आहे. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पुरावे. संसार मोडला किंवा नवरा छळत असेल तर बाईला एकटीलाही तो अर्ज करता येतो. हेही मी तिला आवर्जून वाचायला लावलं, तेव्हा ती चिडली. “आई, काहीतरीच!” म्हटलं, “असू दे.” आय-864ची प्रत कपाटात आप्पांच्या पत्राखाली ठेवली आहे. 2027चं कालनिर्णय अजून निघायचं आहे, म्हणून मेमधली ती तारीख तूर्त दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे.