मेंदू बदलावा काय?

लांबीला चार सेंटिमीटर, रुंदीला चार सेंटिमीटर, एवढ्याशा चकतीवरून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. ही चकती म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. त्याचा मेंदूच म्हणा ना! चिरंजीव पुण्याहून फोनवर बजावतात, "बाबा, व्हिडिओचं काम करायचं तर मेंदू नवा घाला." सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की तेवढ्या पैशात निदान पुढच्या ओटीला तरी रंग होईल.

निवृत्तीनंतर माणसाने भजन करावे, हे मला मान्य आहे. परंतु गेल्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत मी मोबाईल घेऊन गावातल्या वृद्ध स्त्रियांची गाणी टिपू लागलो आणि त्यात गुंतलो. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलोबा-भुलाबाईंपुढे ज्या गाणी म्हणत, खिरापत ओळखत, त्या पोरी आता सत्तरी-ऐंशीच्या झाल्या आहेत. चाली त्यांच्याच कंठात उरल्या. त्यांतल्या सर्वांत वडील आजींचे दोन्ही डोळे अधू होत चालले आहेत. त्या मला रोज हटकतात, "काहून गा मास्तर, झाला नाई काय आमचा पिक्चर? डोये हायेत तोवर दाखवजो!"

आणि इकडे पडद्यावर आजींचा चेहरा गोठून बसतो अन् गाणे मात्र दोन कडवी पुढे निघून जाते! तुकडा कोठे कापावा ते कळायचे कसे?

माझा संगणक २०१८ सालचा, रायझन ५ २६०० जातीचा, सहा गाभ्यांचा. बाराव्या शतकातले कालंका देवीचे देऊळ ज्या गावात उभे आहे, तेथे सात-आठ वर्षांच्या वस्तूला जुनी म्हणायचे जिवावर येते. पण संगणकाच्या जगात ती पणजोबा! दोष मात्र सगळा तिचा नाही. हल्लीचे मोबाईल 'एच २६५' नावाच्या पद्धतीने चित्र साठवतात. प्रत्येक चित्र पुरे साठवायचे नाही. मागच्याहून काय बदलले तेवढेच टिपायचे. वाण्याने वहीत रोजची देणी-घेणीच तेवढी मांडावी आणि शिल्लक क्वचितच काढावी, तशातला प्रकार. मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक विचारली, की मागच्या शिलकेपासून बेरीज सुरू! पाहणाऱ्याला याचा उपद्रव नाही, कारण तो ओळीने पुढे जातो. संकलन करणारा मागेपुढे उड्या मारतो, म्हणून यंत्राला घाम फुटतो.

चिरंजीवांनी सुचवलेला रायझन ७ ५७००एक्स २०२२ सालचा, आठ गाभ्यांचा. माझ्या मदरबोर्डाचे बायोस आधी अद्ययावत केले, की त्याच खोबणीत बसतो. विजेची भूकही जुन्याइतकीच. ही सोय लहान नव्हे. २०१७ साली इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर आला तेव्हा खोबणी दिसायला तीच होती, पण बोर्ड नवाच घ्यावा लागे. तेव्हा चिरंजीवांचा सल्ला टाकाऊ नव्हता.

पण मी पैसे मोजण्याआधी तास मोजले. काम अडते ते दोन ठिकाणी. कापताना अडते, त्याला फुकटचा उपाय आहे. रात्री सर्व तुकड्यांच्या लहान, हलक्या प्रती करून ठेवायच्या, दिवसा त्यांवर कातर चालवायची आणि शेवटची जोडणी मूळ चित्रांची करायची. दोन रात्री यंत्र चालू ठेवले. आता आजींचे ओठ आणि गाणे बरोबर चालतात. दुसरा अडसर शेवटच्या जोडणीचा. माझ्या यंत्राला त्यास तीन तास लागतात. नव्याला, फार तर, दीड-दोन लागतील. म्हणजे वाचणार तो वेळ मी झोपेत असतानाचा! १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढताना फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडायला बसत. त्या मानाने मला तर नुसते घोरायचे आहे.

एका मुद्द्यावर मात्र चिरंजीवांनी मला निरुत्तर केले. "तीन तास लाईट राहते का तुमच्याकडे?" खरोखरच, दोनदा जोडणी अर्ध्यावर तुटली होती. दीड तासाचे काम निभण्याचा संभव अधिक, हे कोण नाकारील? परंतु घरात पंख्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर आहे. वायरमनने संगणकाची तार त्यावर घेतली आणि मागचे एक बटण 'यूपीएस'कडे सरकवले. तसे केले नाही तर वीज जाताच क्षणभर खंड पडतो आणि संगणक तेवढ्यानेही मान टाकतो, असे तो म्हणाला. त्याची मजुरी सौभाग्यवतींनी आनंदाने दिली.

प्रोसेसर तूर्त घेतलेला नाही. काल रात्री अकराला वीज गेली, साडेअकराला आली. जोडणी चालूच होती. आता एकाच गाण्याचे घोडे अडले आहे. त्यातले एक कडवे आजी एक म्हणतात आणि त्यांच्या धाकट्या बहीणबाई दुसरेच म्हणतात. दोघीही हटायला तयार नाहीत. मी दोन्ही ठेवली आहेत. उद्या संध्याकाळी आजींच्या ओट्यावर, पडदा अगदी त्यांच्या जवळ मांडून, पिक्चर दाखवायचा आहे.