शिवण नसलेली पाठ

वज्रेश्वरीहून गणेशपुरीकडे तानसेच्या काठाने गेलं की श्रावणात गवत कमरेला लागतं. भिवंडी म्हटली की माग आणि गोदामं डोळ्यांपुढे येतात; पण ही चिंब ओली बाजूही याच तालुक्यातली. तिथे एका पात्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा, निळसर चमकणारा, फुगीर पाठीचा कीटक बसलेला दिसला. शेजारी गवत कापणाऱ्या मावशी वाकून म्हणाल्या, "भुंगेराच हाय तो." कुणीही हेच म्हटलं असतं.

मी भिंग लावलं. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे त्याचे कडक झालेले पुढचे दोन पंख. ते मधोमध मिटतात, म्हणून पाठीवर उभी रेघ दिसतेच. इथे रेघ नव्हती. सगळी पाठ एकसंध.

तो जीव बाटलीत घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणला. एकसंध ढाल काही ढेकणांच्या पाठीवरही असते, त्यामुळे आधी तोंड पाहणं भाग होतं. ढेकणाची टोकदार सोंड पोटाखाली दुमडलेली असते. याचं तोंड मऊ, घरमाशीसारखं टिपून घेणारं. मिशाही आखूड, आणि मिशीवरचा केस बुडाशी पानासारखा चपटा. मग सुईने ती ढाल अलगद उचलली. खाली पारदर्शक पंखांची एकच जोडी नीट घडी घालून ठेवलेली, आणि तिच्यामागे देठावर गाठ असावी तसे दोन इवले अवयव. हे हॉल्टिअर. माश्यांच्या मागच्या पंखांचं रूपांतर होऊन ते बनले आहेत. उडताना ते थरथरतात आणि शरीर कुठे वळतंय, कलतंय याची जाण देतात. म्हणजे ही माशीच! मी विद्यार्थ्यांना हाका मारून बोलावलं.

माशीच्या छातीमागे स्क्युटेलम नावाची छोटी चकती असते. घरमाशीत ती जेमतेम त्रिकोणाएवढी. या माशीत तीच वाढत जाऊन सगळं पोट झाकते. ढाल, मिशीवरचा चपटा केस आणि पंखांची ठेवण, या तिन्ही खुणा जुळल्या की कुल ठरतं: सेलिफिडी. त्यातल्या सेलिफस या प्रजातीला डालमन या स्वीडिश अभ्यासकाने 1818मध्ये नाव दिलं. या कुलात साऱ्या जगात शंभरेक जाती, बहुतेक आशियाच्या उष्ण भागातल्या, थोड्या आफ्रिकेतल्या. युरोप-अमेरिकेतल्या माश्यांवरची पुस्तकं उघडून बसलं तर ही सापडायचीच नाही. आपल्याकडे तिच्या अळ्या सडक्या पाल्यात वाढतात, आणि तो पाला तानसेच्या काठी भरपूर.

रंगावरून ओळखायला गेलं असतं तर हे काहीच हाती लागलं नसतं. विद्यार्थ्यांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते: आधी पंख मोजा, मग तोंड बघा.

लेबलावर गाव, नदीकाठ, तारीख आणि कुल लिहिलं. जातीची जागा कोरी ठेवली आहे. जात ठरवायला नराची जननेंद्रियं तपासावी लागतात आणि मिळालेली होती मादी. पुढच्या पावसात जाळी घेऊन मुलं सोबत येणार आहेत.