पांढरा भात

पांढरेपणाला आपण नकळत शुद्धतेचा मान देऊन बसलो आहो. वस्त्र पांढरे, कागद पांढरा. मग पानातला भातही मोगऱ्याच्या कळ्यांसारखा शुभ्र असावा, असे वाटले तर नवल ते काय? नोकरी लागल्यावर मी आईला कोकणातून पुण्यास आणले, तेव्हा तिच्याबरोबर उकड्या तांदळाचे एक गाठोडेही आले. तो जाड, तांबूस दाणा आणि त्याचा उग्र वास! पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटे. "आई, आता हे गावचे खाणे पुरे," असे मी एके दिवशी सांगून टाकले. तिने वाद घातला नाही. पुढे एकदाच म्हणाली, "या भाताने पोटाला आधार राहत नाही रे." मी हसलो.

परवा ग्रंथालयात आहारशास्त्राचा इतिहास चाळताना जावा बेटातील कोंबड्यांची हकीकत वाचनात आली आणि ते हसणे मला आठवले. तेथे बेरीबेरीने माणसांचे पाय लुळे पडत, हृदय क्षीण होई. ख्रिस्तियान आइकमन हा डच वैद्य या रोगाचा जंतू शोधीत असता, १८९० च्या सुमारास, त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्याच झोकांड्या खाऊ लागल्या. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत असे. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे साफ नाकारले. इतकेच निमित्त!

कोंड्यात रोगावर उतारा आहे, हे आइकमनने ओळखले. परंतु भातात विष असावे, हा त्याचा तर्क चुकला. विष नसून आवश्यक असे काहीतरी उणे आहे, हे त्याचा सहकारी ग्रिन्स याने १९०१ मध्ये दाखविले. त्यालाच आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमनला १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आता, उकडा तांदूळ करताना दाणा टरफलासकट भिजवून उकडतात. त्या वेळी कोंड्यातील हे जीवनसत्त्व दाण्यात उतरते. पुढे सडण्याने व धुण्याने ते सारे निघून जात नाही.

म्हणून जुने ते सगळे सोने, असे म्हणण्यास मी धजणार नाही. ज्या स्वयंपाकघराने उकडा तांदूळ जपला, तेथेच बायका सर्वांमागून उरलेसुरले जेवत. माझी आईही तशीच जेवे. रूढीची परीक्षा झालीच पाहिजे. शिवाय आमच्या पानात डाळ होती, भाजी होती. पांढऱ्या भाताने आईला बेरीबेरी झाली नाही, हेही खरे.

आई जाऊन आता बारा वर्षे झाली. हल्ली आमच्या घरी उकडा तांदूळ येतो आणि सकाळी त्याची पेज होते. ती पिताना एकच गोष्ट मनाला लागून राहते. "आधार राहत नाही म्हणजे नेमके काय होते ग?" एवढेच मी तिला विचारावयास हवे होते. आइकमनने कोंबड्यांविषयी तेवढी चौकशी केली. मी आईविषयी केली नाही.