वयच झालं म्हणून सोसायचं?

ही पोस्ट लिहू की नको, असं करत चार महिने घालवले. आज लिहितेच. पुरुष मंडळींनीही वाचा, तुमच्याच घरातली गोष्ट आहे.

मी त्रेपन्न वर्षांची. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गरम वाफा आल्या, गेल्या. पण खालच्या जागेचा कोरडेपणा काही जाईना. चालताना घासायचं, आग व्हायची. वर्षात तीनदा लघवीचं इन्फेक्शन. नवऱ्याने जवळ येऊ नये म्हणून मी रात्री मुद्दाम उशिरापर्यंत ओटा पुसत बसायचे. त्यांना वाटायचं, ही रागावली आहे. आणि मला तर सांगताच येईना.

आमच्या इथल्या डॉक्टरांना कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, वयच झालं, चालायचंच." झालं! आणखी दोन वर्षं गप्प.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एका बाई डॉक्टरांनी नीट तपासलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, लघवीचा त्रासही त्यातूनच वाढतो. गरम वाफा हळूहळू कमी होतात. हे मात्र उपचार न घेता बहुधा वाढतच जातं. त्यांनी त्या जागी साबण लावणं बंद करायला सांगितलं. संबंधाच्या वेळी पाण्यासारखं जेल, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा मॉइश्चरायझर. त्यानेही भागेना, तेव्हा कमी मात्रेची इस्ट्रोजेनची क्रीम दिली: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. दोन-अडीच महिन्यांत मी पुन्हा सरळ चालायला लागले. ही क्रीम मनाने आणू नका. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नका.

भिशीत हे बोलले. आधी सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, "त्या क्रीमचं नाव काय गं?" आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, आठवतंय? त्यात तरण्या बायका होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, की हाच त्रास ऐन तिशीत सुरू होतो. त्यांना हे कुणी सांगितलं असेल?

गरोदर बाईसाठी आशाताई दारात येते, आणि ते चांगलंच आहे. पण पाळी गेल्यावर सरकारी दवाखान्यात आमच्यासाठी काय आहे? निदान आठवड्यातून एक दिवस, आडोशाची खोली, ऐकून घेणारी बाई आणि ही साधी औषधं मिळावीत. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे.

हसतील काही जण. हसू देत. सोबत कोण येतंय, तेवढं सांगा.